सहा घरे, सहा काडतुसे

रिव्हॉल्वरच्या चक्रात बहुधा सहा घरे असतात. खिशात मावणाऱ्या छोट्या रिव्हॉल्वरात कधी पाच, तर .२२ च्या बारीक काडतुसासाठी आठ-नऊसुद्धा. तेवढे बार झाले की पुन्हा भरेपर्यंत ते हत्यार निरुपयोगी असते. चक्र उघडायचे, तापलेल्या रिकाम्या पुंगळ्या काढून टाकायच्या, नवी काडतुसे घराघरात बसवायची आणि चक्र मिटायचे. बार काढायला एका बोटाची हालचाल पुरते. भरायला दोन्ही हात लागतात. काडतुसे जवळ कशी बाळगायची आणि ती चटकन कशी भरायची, या दोन प्रश्नांनीच रिव्हॉल्वरची घडण ठरवली.

भारतातला हा इतिहास तीन गावांत विभागलेला आहे. परवान्यावर मिळणारे .३२ चे रिव्हॉल्वर, ज्याला परवानाधारक नुसते ‘बत्तीस बोअर’ म्हणतात, कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत घडते. त्याचे काडतूस पुण्याजवळच्या खडकीत भरले जाते. तिसरे गाव जबलपूर. तिथला रिछाई, रांझी, खमरिया हा पट्टा देशातल्या शस्त्रनिर्मितीचा एक जुना तळ आहे आणि तिथल्या दोन कारखान्यांचे आज कानपूर व खडकीशी सख्ख्या भावंडांचे नाते आहे. पण तिथवर येण्याआधी काडतुसाचा प्रवास पाहायला हवा, कारण ते मुळात धातूचे नव्हतेच.

रिव्हॉल्वरच्या आधी जवळजवळ सगळी हत्यारे ठासणीची होती. तोड्याची बंदूक चालवणाऱ्या बरकंदाजाच्या अंगावर दारूचे शिंग, गोळ्यांची पिशवी आणि पेटता तोडा असे. नळीत दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, कानात बारीक दारू घालायची आणि मग तोडा लावायचा. मोजलेली दारू आणि गोळी कागदाच्या एका पुडीत बांधून ठेवण्याची युक्ती आली तेव्हा हे काम पुष्कळ सोपे झाले. ती पुडी म्हणजेच काडतूस. हा शब्द आणि पिस्तूल हा शब्द, दोन्ही मराठीत पोर्तुगीजांकडून आले. बाळगणे आणि भरणे ही दोन्ही कामे एका पुडीत आणणारी ही पहिली वस्तू होती. तिच्या कागदाला लावलेल्या चरबीवरून १८५७ मध्ये शिपायांचा उठाव पेटला, हे सर्वांना माहीत आहे.

सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत रिव्हॉल्वरचे पेटंट घेतले. त्यात फिरते चक्र आले, पण भरण्याची रीत ठासणीचीच राहिली. प्रत्येक घरात समोरून दारू घालायची, वर शिशाची गोळी ठेवायची, ती दांड्याने दाबून बसवायची आणि चक्राच्या मागच्या बाजूला प्रत्येक घराच्या बोंडावर घोड्याच्या ठोक्याने पेट घेणारी तांब्याची टोपी, म्हणजे केप, चढवायची. एका घराच्या ज्वाळेने शेजारचे घर पेटू नये म्हणून गोळ्यांच्या तोंडावर चरबी थापायची ती वेगळीच. सहा घरे अशी भरायला शांत जागी, टेबलावर बसूनसुद्धा काही मिनिटे जात. लढाईत किंवा वाटेत दरोडा पडल्यावर ती मिनिटे कोणाला मिळणार?

लहान बोअरची, म्हणजे बारीक नळीच्या हत्याराची, अडचण इथेच सुरू होते. कोल्टचे १८४९ चे .३१ बोअरचे खिशातले रिव्हॉल्वर अफाट खपले, तीन लाखांहून अधिक तयार झाले. त्याच्या काही नमुन्यांत वजन आणि लांबी वाचवण्यासाठी गोळी दाबायचा दांडाच काढून टाकला होता. भरायचे तर नळी सोडवायची, चक्र बाहेर काढायचे आणि ते हातात धरून भरायचे. हत्यार जितके सुटसुटीत तितके भरायला किचकट, हा नियम तेव्हापासून चालत आला आहे. केपा तर मसुराच्या दाण्याएवढ्या. ओल्या किंवा थरथरत्या बोटांतून त्या निसटत, म्हणून केपा भरण्यासाठी वेगळी चपटी डबी मिळे.

ईली ब्रदर्ससारख्या लंडनच्या काडतूसवाल्यांनी रिव्हॉल्वरसाठी पातळ वेष्टनातली तयार काडतुसे काढली. ती दारूसकट घरात ढकलली की वेष्टन जळून जाई. पण केप वेगळी ती वेगळीच. इंग्लंडच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सचे १८५१ चे रिव्हॉल्वर चाप ओढताच घोडा आपोआप उचलणारे होते. १८५७ च्या धामधुमीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट किंवा अ‍ॅडम्स असे. त्या वर्षी जबलपुरात १८ सप्टेंबरला गोंड राजे शंकर शाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथ शाह यांना तोफेच्या तोंडी दिले गेले आणि त्याच रात्री तिथली ५२ वी पलटण उठली. अशा रात्री पाच-सहा बारांनंतर पुन्हा भरण्याची संधी मिळत नसे. म्हणून ज्यांना परवडे ते दोन भरलेली रिव्हॉल्वरे बाळगत, किंवा एखादे जादा भरलेले चक्र. भरण्याचा सर्वांत जलद मार्ग त्या काळी एकच होता : दुसरे हत्यार उपसणे.

बाळगण्याच्या साधनांत मोठी भर याच धामधुमीतून आणि भारताच्याच भूमीवरून पडली. ऑगस्ट १८५८ मध्ये पिलीभीतजवळ सिरपुऱ्याच्या चकमकीत सॅम ब्राउन या घोडदळाच्या अधिकाऱ्याचा डावा हात तुटला. एका हाताने तलवार म्यानातून निघेना, कारण म्यान धरायला दुसरा हात नव्हता. त्याने कमरेच्या रुंद कातडी पट्ट्याला उजव्या खांद्यावरून येणारा आडवा पट्टा जोडला. त्यामुळे तलवारीचे ओझे खांद्यावर गेले, म्यान डुलेनासे झाले आणि त्याच पट्ट्यावर पिस्तुलाचे घर आणि काडतुसांची पेटी यांना पक्की जागा मिळाली. हा ‘सॅम ब्राउन बेल्ट’ पुढे जगभरच्या सैन्यांत गेला. भारतीय पोलीस अधिकाऱ्यांच्या गणवेशात तो आजही दिसतो. रिव्हॉल्वर, त्याची दोरी आणि काडतुसांची पेटी या तिन्ही वस्तू नेमक्या त्याच जागी हाताला लागाव्यात, हा विचार त्यात आहे. अंधारात हात जिथे जातो तिथे काडतूस असले पाहिजे. चटकन भरण्याची अर्धी कला बाळगण्यातच आहे.

अमेरिकेत धातूचे काडतूस रिव्हॉल्वरात आले तेही १८५७ मध्येच, आणि लहान बोअरमधूनच आले. स्मिथ अँड वेसन कंपनीचे पहिले मॉडेल .२२ चे, सात घरांचे होते. चक्राची घरे आरपार भोकांची असावीत या रोलिन व्हाइटच्या पेटंटावर ते उभे होते. दारू, गोळी आणि पेट घेणारा मसाला हे सगळे तांब्याच्या एका बारीक पुंगळीत आले. मसाला बुडाच्या कडेच्या पोकळीत असे आणि घोडा ती कड ठेचे. भरण्यासाठी नळी वरच्या बाजूला उलगडायची, चक्र काढून घ्यायचे आणि नळीखाली बसवलेल्या एका खिळ्यावर एकेक घर दाबून रिकामी पुंगळी बाहेर ढकलायची. आज हे संथ वाटते. पण दारूचे शिंग, गोळ्या, केपा आणि चरबी हे सगळे एका काडेपेटीएवढ्या जागेत आले होते, ही क्रांती होती. व्हाइटचे पेटंट १८६९ मध्ये संपेपर्यंत अमेरिकेतल्या बाकीच्या कारखानदारांना आरपार भोकाचे चक्र मोकळेपणाने करता आले नाही.

त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत चक्र उघडण्याच्या तीन रीती आल्या आणि रिव्हॉल्वरचा इतिहास मुख्यतः या तिघींचा आहे.

पहिली रीत खिडकीची. ब्रिटिश सैन्याचे १८७२ चे .४५० अ‍ॅडम्स आणि कोल्टचे १८७३ चे सिंगल अ‍ॅक्शन या जातीचे. चक्राच्या मागे उजव्या बाजूला एक झडप असते. ती उघडून एक घर समोर आणायचे, दांड्याने पुंगळी मागे ढकलायची, नवे काडतूस सरकवायचे, चक्र एक घर फिरवायचे आणि असे सहादा करायचे. मजबुतीत या रीतीला तोड नव्हती, पण वेळ फार जाई. काडतुसे पट्ट्याच्या चामडी घरांत ओळीने खोचलेली असत आणि एकेक ओढून काढावी लागत.

दुसरी रीत बिजागरीची. स्मिथ अँड वेसनने १८७० च्या मोठ्या रिव्हॉल्वरात ती आणली आणि बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीने १८८७ पासून ब्रिटिश सैन्यासाठी तिला कळसाला नेले. अंगठ्याने खटका दाबायचा आणि नळी खाली मोडायची. नळीबरोबर चक्र पुढे झुकते आणि चक्राच्या मधोमध बसवलेली चांदणीच्या आकाराची पट्टी वर येते. तिचे सहा दात सहा पुंगळ्यांच्या कडा एकाच वेळी उचलतात आणि सगळ्या पुंगळ्या बाहेर पडतात. नळी पूर्ण मोडली की चांदणी टक्‌ करून आपल्या जागी परत बसते आणि सहा रिकामी घरे वर तोंड करून समोर येतात. घोड्यावर बसलेल्या स्वाराला लगाम मनगटावर अडकवून हे करता येई. आजही भारतीय परवानाधारकाच्या हातात येते ती बहुधा हीच रीत.

तिसरी रीत चक्र बाजूला काढण्याची. कोल्टने ती १८८९ मध्ये बाजारात आणली आणि स्मिथ अँड वेसनने १८९६ मध्ये उचलली. चक्र डाव्या अंगाला उघडते आणि पुढचा दांडा तळहाताने दाबला की चांदणी पुंगळ्या बाहेर ढकलते. दणकट गाभा आणि एकदम रिकामे होणे हे दोन्ही गुण तिने एकत्र आणले, म्हणून जगात पुढे हीच रीत रूढ झाली.

याच १८९६ च्या रिव्हॉल्वरबरोबर .३२ लाँग हे काडतूस जन्माला आले. भारतातले आजचे ‘बत्तीस बोअर’ ते हेच. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या पोलिसांनी कोल्टचे .३२ चे रिव्हॉल्वर स्वीकारले. थिओडोर रूझवेल्ट तेव्हा तिथल्या पोलीस मंडळाचे प्रमुख होते. काडतुसाची पितळी पुंगळी सुमारे साडेतेवीस मिलिमीटर लांब, गोळीसकट पूर्ण काडतूस साडेबत्तीसच्या आसपास. गोळीचा व्यास जेमतेम आठ मिलिमीटर, वजन सहा ग्रॅमच्या थोडे वर. बुडाची कड साडेनऊ मिलिमीटर रुंद, म्हणजे तर्जनीच्या नखाहूनही लहान. या काडतुसाचा झटका सौम्य आहे आणि नेम चांगला लागतो, त्यामुळे नेमबाजीच्या सेंटर फायर स्पर्धेतही ते टिकून राहिले.

चटकन भरण्याच्या दृष्टीने मात्र हे लहानपण अडचणीचे आहे. सहा काडतुसे मुठीत घेतली की ती इकडे तिकडे वळतात. बुड कोणते आणि टोक कोणते हे अंधारात चाचपून ठरवावे लागते. .२२ ची अडचण त्याहून वेगळी. पूर्ण काडतूस इंचभर लांब, कड सात मिलिमीटरची. त्याच्या शिशाच्या गोळीवर बाहेरून मेणाचा पातळ थर असतो. खिशात सुटी टाकली तर त्या मेणाला कापसाचे तंतू, धूळ आणि तंबाखूची भुकटी चिकटते आणि तीच घाण घेऊन काडतूस घरात जाते. पाच-पन्नास बारांनंतर काजळी आणि मेण मिळून घरे इतकी चिकट होतात की काडतूस शेवटपर्यंत जात नाही आणि रिकामी पुंगळी आपल्या वजनाने खाली पडत नाही. .३२ च्या गोळीचे वंगण पुंगळीच्या आत झाकलेले असते, म्हणून ते खिशाला जास्त सोसते.

पुंगळ्या काढताना आणखी एक जुना घोटाळा होतो. हत्यार आडवे धरून दांडा अर्धवट दाबला तर एखादी पुंगळी चांदणीच्या दातावरून निसटते आणि चांदणी परत बसताना तिच्याखाली अडकते. मग चक्र मिटत नाही आणि ती पुंगळी नखाने उकरून काढावी लागते. हे टाळण्यासाठी रिव्हॉल्वर शिकवणारे सगळीकडे एकच गोष्ट सांगत आले आहेत : रिकामे करताना नळीचे तोंड आकाशाकडे आणि भरताना जमिनीकडे. पुंगळी पडायलाही वजन मदत करते आणि काडतूस घरात जायलाही.

सहाही काडतुसे एका हालचालीत भरण्याची कल्पना धातूच्या काडतुसाच्या मागोमाग आली. अमेरिकेत १८७९ मध्ये अशा साधनाचे एक पेटंट नोंदले गेले. पण प्रत्यक्ष वापरात नाव झाले ते इंग्लंडच्या प्रिडोच्या साधनाचे. विल्यम डी कूर्सी प्रिडो याने १८९३ मध्ये वेब्लीसाठी एक गोल चकती तयार केली. तिच्यावर स्प्रिंगच्या पोलादी बोटांत सहा काडतुसे चक्राच्या घरांच्याच अंतराने धरून ठेवलेली असत. चकती उघड्या चक्रावर टेकवून मागून दाबली की बोटे सुटत आणि सहा काडतुसे एकदम घरांत उतरत. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत अनेक ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्वखर्चाने ही चकती घेतली. बिजागरीचे वेब्ली आणि प्रिडोची चकती ही जोडी त्या काळातली सर्वांत जलद भरणी होती, असे म्हणायला हरकत नाही.

अमेरिकेत त्याच युद्धात वेगळ्या कारणाने वेगळे साधन निघाले. पिस्तुलाचे .४५ काडतूस बिनकडेचे, त्यामुळे रिव्हॉल्वरची चांदणी त्याला पकडू शकेना. १९१७ मध्ये तीन-तीन काडतुसे अडकवणारी अर्धचंद्राकृती पोलादी पट्टी त्यावर उपाय म्हणून आली. दोन पट्ट्या टाकल्या की चक्र भरले. कडेचे दुखणे दूर करायला काढलेली पट्टी बाळगायला आणि भरायला इतकी सोयीची ठरली की पुढे ती कडेच्या काडतुसांसाठीही वापरात आली.

तोपर्यंत मात्र मुठीतून मॅगझिन सरकवणारी पिस्तुले आली होती. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडले ते ब्राउनिंग याच जातीचे, चक्राचे नव्हे. मॅगझिनमध्ये काडतुसे घरीच भरून ठेवता येतात, हा त्याचा खरा विजय. तरी पोलिसांनी रिव्हॉल्वर लवकर सोडले नाही. काडतूस फुसके निघाले तर चाप पुन्हा ओढायचा आणि पुढचे घर समोर येते, ही खात्री त्यांना मोलाची वाटली. ब्रिटिश सैन्याने १९३२ च्या सुमारास .४५५ ऐवजी .३८ चे एन्फिल्ड घेतले. भारतातल्या पोलीस ठाण्यांत .३८ चे रिव्हॉल्वर स्वातंत्र्यानंतरही दशकानुदशके फौजदाराच्या कमरेला राहिले.

अमेरिकेत ६ एप्रिल १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या न्यूहॉल इथे महामार्ग पोलिसांचे चार जण एका चकमकीत मारले गेले. त्यांतला एक जण पेटीतून सुटी काडतुसे काढून रिव्हॉल्वर भरत असताना गोळी लागून पडला. त्या काळच्या पेटीची रचना अशी की टोपण उघडताच सहाही काडतुसे तळहातावर सांडत. सरावाच्या मैदानावर हे सोपे असते, गोळ्या येत असताना नाही. या घटनेनंतर तिथल्या पोलिसांत स्पीडलोडर आला आणि पाहता पाहता देशभर पसरला. बुडाच्या कडा पकडणारी गोल डबी, मागची घुंडी पिळली किंवा दाबली की सुटणारी काडतुसे, म्हणजे प्रिडोचीच कल्पना. त्याच सुमारास सहा काडतुसांच्या कडा अडकवणारी लवचीक प्लास्टिकची पट्टी निघाली. ती दोन-दोन काडतुसे भरते म्हणून डबीपेक्षा संथ, पण खिशात सपाट बसते. लहान बोअरच्या छोट्या रिव्हॉल्वरला बाळगण्याच्या दृष्टीने पट्टीच जास्त योग्य आहे. फुगीर डबी खिशात असेल तर छोटे रिव्हॉल्वर घेण्याचा हेतूच बुडतो.

भारतात काडतुसाचे गाव खडकी. दारूगोळ्याचा कारखाना, ज्याला कामगार ‘अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी’ किंवा नुसते ‘एएफके’ म्हणतात, १८६९ मध्ये सुरू झाला. तिथल्या काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे ठोकलेली असतात आणि देशभरच्या .३२ च्या परवानाधारकांना ती ओळखीची आहेत. पुंगळीची सुरुवात पितळेच्या छोट्या वाटीपासून होते. ती वाटी साच्यातून टप्प्याटप्प्याने ओढत लांब केली जाते. दर टप्प्यावर पितळ कडक होते, म्हणून भट्टीत तापवून नरम करावे लागते. मग लांबी छाटायची, बूड ठोकून सपाट करायचे, कड कातायची, बुडात केपेचा खळगा पाडायचा, केप बसवायची, दारू मोजून घालायची आणि गोळी दाबायची. कड एक केसभर जाड झाली तर चक्र अडते, पातळ झाली तर चांदणी निसटते. चटकन भरण्याची खरी हमी कारखान्यातल्या या कातकामात असते. १९६२ च्या चीन युद्धानंतर भुसावळजवळ वरणगावात १९६४ मध्ये काडतुसांचा दुसरा कारखाना उभा राहिला.

तिसरे गाव, जबलपूर, १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होते. मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे १८७० मध्ये जबलपुरात कलकत्त्याच्या रेल्वेला मिळाली आणि गाव देशाच्या मधला सांधा बनले. मुंबई, मद्रास आणि फतेहगड इथली तोफगाड्यांची कामे एकत्र करून १९०४ मध्ये गन कॅरिज फॅक्टरी इथेच काढली गेली. दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळा कारखाना आला, १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा. रिछाईचे औद्योगिक क्षेत्र याच पट्ट्यात आहे. खमरियाचा माल रणगाड्यांबरोबर धावणाऱ्या गाड्यांच्या ३० मिलिमीटरच्या तोफांसाठी जातो आणि गन कॅरिजमध्ये १५५ मिलिमीटरची ‘धनुष’ तोफ घडते. त्यांच्यापुढे आठ मिलिमीटरचे रिव्हॉल्वरचे काडतूस अगदी कणभर. पण १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या तेव्हा खमरिया आणि खडकी पुण्याच्या म्युनिशन्स इंडियात एकत्र आले आणि जबलपूरची गन कॅरिज व कानपूरची स्मॉल आर्म्स एका दुसऱ्या कंपनीत. वाटणी वस्तूच्या आकारावर झाली नाही. काडतूस लहान असो की मोठे, ते एकीकडे, हत्यार दुसरीकडे.

कानपूरच्या .३२ रिव्हॉल्वरची रचना वेब्लीच्या ‘मार्क ४’ या नमुन्यावरून घेतलेली आहे. जानेवारी २०१४ मध्ये बाजारात आलेले ‘निर्भीक’ हे त्याच घराण्यातले, टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे. बिजागरीची रीत जगात जवळजवळ मागे पडली असताना भारतात टिकली, हे चांगलेच झाले. सराव नसलेल्या माणसाला तिच्यात एका झटक्यात उघडणे आणि रिकामे करणे दोन्ही जमते. नळी पूर्ण मोडली की पुंगळ्या पडतात त्या पूर्ण उचलल्या जाऊनच, दांडा अर्धवट दाबण्याचा प्रश्न येत नाही.

काडतुसे बाळगण्याचे भारतातले मोजमाप मात्र पट्ट्यावर ठरत नाही, कागदावर ठरते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हातातले हत्यार परवान्याला बांधले. आजचा कायदा १९५९ चा, अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून, नियम २०१६ चे. सैन्य आणि पोलीस यांच्या वापरातले .३८, .४५५ आणि ९ मिलिमीटर सामान्य परवान्याबाहेर ठेवले गेले आणि म्हणूनच .३२ इथे इतके रुजले. एका वेळी जवळ किती काडतुसे ठेवायची आणि वर्षभरात किती घ्यायची, हे परवान्यावर लिहिलेले असते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. इतक्या मोजक्या काडतुसांत भरण्याचा सराव होणार तरी कसा? त्यामुळे बऱ्याच घरांत रिव्हॉल्वर बाहेर येते ते खंडेनवमीला, रिकामे करून, झेंडूच्या फुलांखाली.

अशा घरांत काडतुसे वर्षानुवर्षे चामडी पट्ट्याच्या घरांत तशीच खोचलेली राहतात. कातडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि पावसाळ्यातली दमट हवा मिळून पितळेवर हिरवट थर धरतो. तो खरवडला तरी पुंगळी खडबडीत राहते, चक्राच्या घरात अर्धीच जाते आणि जोराने दाबली तर तिथेच घट्ट बसते. काडतूस कोरड्या, बंद डबीत ठेवावे आणि पट्टा फक्त बाळगण्यापुरता वापरावा, हे जुन्या बंदूकवाल्या दुकानदारांचे सांगणे अनुभवाचे आहे.

कायद्याच्या दृष्टीने एकटे काडतूसही हत्याराइतकेच गंभीर असते. मध्य प्रदेशातून आलेल्या एका रिव्हॉल्वरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये सांगितले की ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, मग वस्तू प्रत्यक्ष हातात नसली तरी ताब्याची शक्ती असली की पुरे. विसरलेल्या बॅगेतले काडतूस विमानतळाच्या तपासणीत सापडल्यावर हाच प्रश्न उभा राहतो. परवानाधारक वारला की रिव्हॉल्वरचा ताबा बेकायदेशीर ठरतो आणि त्याच्या वारसांनी हत्यार व उरलेली काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची असतात. वडिलांच्या कपाटातल्या पट्ट्यात सहा हिरवी पडलेली काडतुसे असतील तर तीही त्यातच आली. ती मोजून, पावती घेऊन जमा करावीत.